'रॅग' आणि 'रॅगिंग': एका इंग्रजी बोलीशब्दाचा अर्थ, उगम आणि प्रवास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'रॅग' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

इंग्रजीत 'रॅग' हे क्रियापद म्हणून वापरलं तर अर्थ होतो चिडवणं, थट्टा करणं, एखाद्याची खेचणं. मित्राने केस विचित्र कापून घेतले आणि दिवसभर सगळ्यांनी त्याला त्यावरून छेडलं, तर ब्रिटिश माणूस 'दे रॅग्ड हिम अबाउट हिज हेअरकट' असं म्हणेल. यात ना कोणी वरचा असतो ना खालचा, आणि कॉलेज किंवा हॉस्टेलचा तर प्रश्नच नाही. आजोबांना नातू रॅग करू शकतो, साहेबाला कारकून करू शकतो.

भारतात हा शब्द ऐकल्यावर अंगावर काटा येतो, तो दुसऱ्याच अर्थामुळे. इथे 'रॅगिंग' म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांनी नव्या विद्यार्थ्यांचा केलेला छळ. शब्द एकच, पण प्रवासात त्याचं वजन शंभरपट वाढलं. या पानावरचे बहुतेक प्रश्न या फरकातूनच निघालेले आहेत.

हा शब्द कधीपासून वापरात आहे?

'रागावणं, खरडपट्टी काढणं' या अर्थाने अठराव्या शतकापासून. शब्दकोशांतली सर्वात जुनी नोंद १७३९ च्या आसपासची आहे. म्हणजे सुरुवातीला यात थट्टा नव्हतीच, शिव्यांची लाखोली होती. 'त्रास देणं, चिडवणं' हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिसू लागतो. त्या शतकाच्या शेवटच्या दशकात विद्यापीठांतल्या मुलांनी त्याचं नाम केलं: 'अ रॅग' म्हणजे विद्यार्थ्यांचा दंगा, धुडगूस, मिळून केलेला खोडसाळपणा.

'रॅग' म्हणजे चिंधी. थट्टेचा 'रॅग' त्यातूनच आला का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. छोटं उत्तर: तसं सिद्ध झालेलं नाही. कापडाच्या तुकड्याचा 'रॅग' जुन्या नॉर्स भाषेतल्या केसांच्या झुपक्याच्या शब्दापर्यंत मागे नेता येतो. थट्टेच्या 'रॅग'पुढे मात्र कोश 'व्युत्पत्ती अज्ञात' असं लिहितात, आणि फार तर 'वैर, आकस' या अर्थाच्या एका डॅनिश बोलीशब्दाशी दूरचं नातं सुचवतात.

चिंध्यांची गोष्ट आली कुठून? फ्रान्सिस ग्रोस या इंग्रज संग्राहकाने १७८५ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीचा कोश काढला. त्याच्यावर बेतलेल्या १८११ च्या आवृत्तीत 'रॅग'चा अर्थ असा सांगितला आहे की, समोरच्याला शिव्या देऊन त्याच्या अब्रूच्या चिंध्या करणं. स्पष्टीकरण छान आहे, शिवाय मराठी माणसाला लगेच पटतं, कारण आपणही अब्रूची लक्तरं वेशीवर टांगतोच. पण बोलीशब्दांच्या बाबतीत एक सावधगिरी नेहमी बाळगावी: जी व्युत्पत्ती ऐकताक्षणी गोड वाटते, ती बहुधा मागाहून जुळवलेली असते.

'बुलीरॅग' आणि 'रॅग' यांचं नातं काय?

'बुलीरॅग' किंवा 'बॅलीरॅग' हे क्रियापद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतं. अर्थ: धमकावणं, दमदाटी करणं. त्यात 'बुली' दिसतो म्हणून 'बुली अधिक रॅग' अशी फोड सरळ वाटते, पण त्याचीही व्युत्पत्ती कोश अज्ञातच मानतात. महत्त्वाचं एवढंच की, दमदाटीचा वास या शब्दकुळाला आधीपासून होता. भारतीयांनी एका निष्पाप शब्दाचं वाटोळं केलं, असं म्हणता येत नाही.

इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांचा 'रॅग' कसा असायचा?

एक प्रकार म्हणजे एका कॉलेजने दुसऱ्या कॉलेजची खोड काढणं. लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज यांच्यात १९२० च्या दशकात असे रॅग रंगायचे. युनिव्हर्सिटी कॉलेजकडे 'फिनियस' नावाचा लाकडी हायलँडर, म्हणजे स्कॉटिश डोंगरी माणसाचा पुतळा, होता, टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका तंबाखूच्या दुकानाबाहेरचा. किंग्ज कॉलेजकडे 'रेगी' नावाचा सिंहाचा पुतळा. एकमेकांचं हे दैवत पळवून न्यायचं, रंग फासायचा, मग दुसऱ्या बाजूने मोर्चा काढून ते परत मिळवायचं. गणेशोत्सवातल्या दोन मंडळांची चुरस डोळ्यासमोर आणा, फक्त त्यातली भक्ती वजा करा.

दुसरा प्रकार वर्गातला. एखादा मास्तर मवाळ असेल तर मुलं त्याच्या तासाला गोंधळ घालायची. त्यालाही 'रॅगिंग'च म्हणत. म्हणजे इथे खालच्याने वरच्याला छळलं. भारतीय वाचकाला हे वाक्य उलटं वाटतं, आणि जुनी इंग्रजी शाळाकथा वाचताना नेमका इथेच घोटाळा होतो. 'द बॉइज रॅग्ड द मास्टर' याचा अर्थ मुलांनी मास्तरांची टर उडवली, मास्तरांनी मुलांचा छळ केला असा नाही.

तिसरा प्रकार लष्करातला, आणि तो आपल्या अर्थाच्या सर्वांत जवळचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश रेजिमेंटांमध्ये नव्या तरुण अधिकाऱ्यांना जुने अधिकारी 'वळण लावत', खोटी कोर्टं भरवून शिक्षा देत. ही प्रकरणं बाहेर आली तेव्हा ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यांना 'रॅगिंग' म्हणूनच छापलं.

ब्रिटनमधल्या विद्यापीठाच्या पत्रकात 'रॅग वीक' लिहिलंय. मुलाला पाठवायचं की नाही?

बिनधास्त पाठवा. तिथे 'रॅग वीक' म्हणजे विद्यार्थ्यांनी धर्मादाय संस्थांसाठी निधी गोळा करण्याचा आठवडा. मुलंमुली चित्रविचित्र वेश करून डबे घेऊन गावभर फिरतात, ट्रकवर देखावे उभारून मिरवणूक काढतात, विनोदी अंक विकतात. या अंकाला 'रॅग मॅग' म्हणतात, आणि त्यातले विनोद बरेचदा इतके हिणकस असत की अनेक विद्यापीठांनी ते बंद केले.

सध्या लोकप्रिय असलेला एक कार्यक्रम म्हणजे 'जेलब्रेक': खिशातला एक पैसा खर्च न करता साधारण ३६ तासांत कॅम्पसपासून जास्तीत जास्त लांब जायचं. जितकं अंतर जास्त, तितक्या देणग्या. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांसाठी 'पॉपी डे'ला, म्हणजे युद्धस्मृतिदिनाला, असाच निधी गोळा करायला सुरुवात केली. दंग्याला सत्कार्याची झालर लावली की शहरातले लोक आणि पोलीस दोघेही जरा नरमतात, हा साधा हिशेब विद्यार्थ्यांना लवकर उमगला असावा.

पालकांसाठी दोन व्यवहार्य गोष्टी. तिथे रस्त्यावर पैसे गोळा करायला स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, म्हणून डबा सीलबंद आहे आणि विद्यार्थी संघाचं ओळखपत्र आहे हे मुलांनी पाहून मगच हातात डबा घ्यावा. आणि भाग घेणं ऐच्छिक असतं. कोणी सक्ती करत असेल तर तो 'रॅग' राहत नाही, त्याची तक्रार विद्यार्थी संघाकडे करता येते. आयर्लंडमध्ये रॅग वीक दारूसाठी बदनाम झाला आहे, तिथे जाणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

'रॅग' हे 'रेझ अँड गिव्ह'चं लघुरूप आहे ना?

नाही. हे लघुरूप मागाहून जुळवलं आहे. शब्द आधी, फोड नंतर. दक्षिण आफ्रिकेत त्याच तीन अक्षरांची फोड 'रिमेंबर अँड गिव्ह' अशी करतात. एकाच शब्दाच्या दोन देशांत दोन फोडी असल्या की समजावं, दोन्ही बनवलेल्या आहेत.

मग भारतात याचा अर्थ छळ कसा झाला?

भारतातल्या कॉलेजांचा साचा ब्रिटिश. हॉस्टेल, वॉर्डन, मेस, फ्रेशर, सीनिअर हे सगळे शब्द त्या साच्याबरोबर आले, आणि त्यांच्यातच 'रॅगिंग'ही आलं. पण इथे आल्यावर एक गोष्ट बदलली: थट्टेची दिशा. इंग्लंडात कोणीही कोणाला रॅग करू शकत होतं. इथे ती वरून खालीच वाहू लागली. सीनिअर करणार, ज्युनिअर सोसणार, आणि पुढच्या वर्षी तोच ज्युनिअर सीनिअर होऊन वसुली करणार. ज्या थट्टेला उलट उत्तर देण्याची मुभा नसते, ती थट्टा राहत नाही. शब्दाचा अर्थ बदलायला एवढं पुरेसं होतं.

मराठीने तर हे व्याकरणातच नोंदवून ठेवलं आहे. आपण 'रॅगिंग करणं' म्हणतो तसंच 'रॅगिंग घेणं'ही म्हणतो: 'सीनिअर्सनी पहिल्याच रात्री रॅगिंग घेतलं.' हजेरी घेतात, तास घेतात, झाडाझडती घेतात, तसं. 'घेणं' म्हटलं की घेणाऱ्याचा अधिकार गृहीत धरला जातो. थट्टेच्या बाबतीतही 'फिरकी घेणं' आणि 'शाळा घेणं' आहेच, पण तिथे ज्याची शाळा घेतली तो दुसऱ्या दिवशी परतफेड करू शकतो.

श्रीलंकेतही शब्दाचा हाच अर्थ रुळला आणि तिथे १९९८ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा झाला. म्हणजे हा अर्थ दक्षिण आशियाई इंग्रजीचा आहे, एकट्या भारताचा नाही.

हॉस्टेलमध्ये कोणी 'रॅगिंग' हा शब्द उच्चारतच नाही. तिथे काय म्हणतात?

'इंट्रो'. 'इंट्रो द्यायला ये', 'आज रात्री इंट्रो आहे'. शब्दावर बंदी आली की माणसं नवा शब्द शोधतात. 'इंटरॅक्शन' हे त्याचंच जरा सुटाबुटातलं रूप. ओळख करून घेणं आणि 'इंट्रो' घेणं यांतला फरक ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: वेळ रात्री उशिराची, जागा कॅमेरा नसलेली, फोन बाहेर ठेवायला सांगणं, आणि उभं राहून खाली पाहण्याची सक्ती. नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची, हा नियम देशभरातल्या कॉलेजांत इतका जुना आहे की त्याला आता स्वतःचं नावच पडलं आहे: 'थर्ड बटन'. ओळख करून घ्यायची असेल तर माणूस डोळ्यांत पाहतो.

महाराष्ट्राचा कायदा 'रॅगिंग' कशाला म्हणतो? नुसतं चिडवणंही त्यात येतं का?

येतं. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा, १५ मे १९९९ पासून लागू. त्यातल्या व्याख्येचा मराठीत सरळ आशय असा: विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, किंवा त्याच्या मनात भीती, लाज, संकोच निर्माण होईल असं कोणतंही बेशिस्त वर्तन. त्यात पुढे दोन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत. पहिली: चिडवणं, शिवीगाळ, धमकी, खोड काढणं, इजा करणं. दुसरी: विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही अशी गोष्ट त्याला करायला सांगणं.

यातलं 'चिडवणं' वाचून शब्दाचा अभ्यास करणाऱ्याला गंमत वाटते. एकोणिसाव्या शतकात खरडपट्टीतून थट्टेकडे सरकलेला शब्द विसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या विधिमंडळात पोचला, आणि त्याच्या व्याख्येत पहिलं क्रियापद आलं तेही 'टीज'च.

'करायला सांगणं' हेही नीट वाचा. त्या विद्यार्थ्याने ते केलंच पाहिजे असं नाही. सांगितलं, इथेच व्याख्या लागू होते. 'आम्ही फक्त गाणं म्हणायला सांगितलं, त्याने म्हटलंही नाही' हा बचाव म्हणूनच लंगडा पडतो.

शिक्षा: दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरल्यास संस्थेतून काढून टाकलं जातं आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. आईबाप घाबरतात कैदेला. करिअरच्या दृष्टीने खरा घाव ही पाच वर्षं घालतात.

देशपातळीवर काय नियम आहेत?

तमिळनाडूने १९९७ मध्ये कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये 'विश्व जागृती मिशन' प्रकरणात निर्देश दिले. पुढे न्यायालयाच्याच आदेशावरून सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल २००७ मध्ये आला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यावर हालचालींना वेग आला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, विनियम निघाले. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी २०२१ चे वेगळे विनियमही आहेत.

यूजीसीच्या विनियमांत २०१६ ला एक महत्त्वाची भर पडली. जात, धर्म, वर्ण, लिंग, लैंगिक कल, दिसणं, भाषा, प्रांत, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ, अगदी वाळीत टाकणंसुद्धा, रॅगिंगमध्ये धरलं गेलं. आणि बळी 'नवा विद्यार्थी असो वा नसो'. म्हणजे तिसऱ्या वर्षातल्या मुलीला तिच्या बोलीवरून वर्गातल्याच मुलांनी सतत हिणवलं, तर तेही रॅगिंगच. सीनिअर–ज्युनिअर हा निकष इथे लागत नाही. गंमत अशी की, कायद्याने शब्दाची दिशा पुन्हा मोकळी केली. फक्त हलकेपणा परत आला नाही.

थट्टा कुठे संपते आणि रॅगिंग कुठे सुरू होतं?

कायद्याच्या भाषेतली व्याख्या वर दिली आहे. रोजच्या वापरासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. समोरचा उलट थट्टा करू शकतो का? 'पुरे' म्हटल्यावर थांबतं का? तो तिथून उठून जाऊ शकतो का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ती बहुधा थट्टा आहे. एकाचंही 'नाही' असेल तर सावध व्हावं.

तो हसत होता म्हणून त्याला चालत होतं, हा निष्कर्ष मात्र काढू नये. घाबरलेला माणूस हसतो. मराठीत 'मस्करीची कुस्करी' हा वाक्प्रचार उगाच रुळलेला नाही. मस्करी करणाऱ्याला कुस्करी कधी सुरू झाली ते शेवटपर्यंत कळत नाही, समोरच्याला मात्र पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं.

महाराष्ट्रात तक्रार कशी करायची? कुठे चुकतं?

तक्रार संस्थाप्रमुखाकडे आणि लेखी करायची. विद्यार्थी स्वतः, आईवडील किंवा पालक, किंवा त्या संस्थेतले शिक्षक, यांपैकी कोणीही ती करू शकतं. तारीख, वेळ, जागा, नावं आणि नेमकं काय बोललं गेलं ते लिहावं. 'मला त्रास दिला' एवढंच लिहिलेला अर्ज चौकशीत टिकत नाही. 'तारीख अमुक, रात्री अकरा वाजता, दुसऱ्या मजल्याच्या गच्चीजवळ, चौघांनी दीड तास उभं केलं' असं लिहिलेला टिकतो. दोन प्रती काढाव्यात, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवावी.

कायद्याप्रमाणे संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोपीला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते. तथ्य नाही असं वाटलं तर तसं तक्रारदाराला लेखी कळवणंही बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने काहीच केलं नाही, तर रॅगिंगला चिथावणी दिल्याचा ठपका त्याच्यावरच येऊ शकतो. या शेवटच्या तरतुदीचा अर्जात नम्रपणे उल्लेख केला की फाईल हलते. शिवाय यूजीसीची चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन आहे: १८००-१८०-५५२२.

चुका नेहमीच्याच. सर्वांत मोठी म्हणजे तोंडी तक्रार करून घरी परतणं; सात दिवसांची मुदत लेखी तक्रारीवरून मोजली जाते. दुसरी, व्हॉट्सॲप ग्रुप रागाने सोडणं आणि चॅट पुसणं. आधी नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, ते घरच्या कोणाला पाठवा, मग ग्रुप सोडा. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. आठवड्याने वळ उरत नाहीत. आणि 'आपसात मिटवा' म्हणून पुढे केलेल्या कागदावर घरच्यांना दाखवल्याशिवाय सही करू नये.

दरवर्षी भरून घेतात ते प्रतिज्ञापत्र नेमकं कशासाठी?

यूजीसीच्या विनियमांनुसार विद्यार्थी आणि पालक, दोघांकडून वेगवेगळं घेतात. मला रॅगिंगचे नियम आणि शिक्षा ठाऊक आहेत, असा त्याचा गाभा. पुढे 'आम्हाला कुठे माहीत होतं' म्हणायची सोय राहत नाही. बहुतेक जण न वाचताच भरतात.

रॅगिंग, फॅगिंग, हेझिंग आणि बुलिंग: सगळं एकच का?

नाही. 'फॅगिंग' ही जुन्या इंग्रजी निवासी शाळांतली मान्यताप्राप्त पद्धत: लहान मुलाने मोठ्याचे बूट पुसायचे, पाव भाजून द्यायचा, निरोप पोचवायचे. आपल्याकडचे अनेक लेख रॅगिंगचं मूळ म्हणून फॅगिंग सांगतात. वागणुकीत साम्य आहे, शब्द म्हणून दोन्ही वेगळे. अमेरिकेत 'फॅग' ही समलिंगी पुरुषांना दिली जाणारी घाणेरडी शिवी आहे, तेव्हा तिथे हा शब्द तोंडातून काढू नये.

'हेझिंग' हा अमेरिकी शब्द जहाजावरून आला. खलाशाला शिक्षा म्हणून विनाकारण कष्टाचं काम देत राहणं, हा त्याचा एकोणिसाव्या शतकातला अर्थ. भारतीय रॅगिंगला अमेरिकेत हाच शब्द लागू पडतो, आणि तिथल्या मित्राला कॉलेजातला अनुभव सांगताना हाच वापरावा. 'आय वॉज रॅग्ड' म्हटलं तर त्याला वाटेल, कोणीतरी जरा चिडवलं. फ्रान्समध्ये याला 'बिझ्युताज' म्हणतात आणि १९९८ पासून तोही गुन्हा आहे. 'बुलिंग' हा सर्वांत व्यापक शब्द, त्याला कॉलेज लागत नाही.

अमेरिकी मालिकांत 'रॅग ऑन' ऐकू येतं. ते काय?

सतत टोकणं, एकाच गोष्टीवरून चिडवत किंवा टीका करत राहणं. 'स्टॉप रॅगिंग ऑन मी' म्हणजे 'माझ्या मागे लागणं बंद कर'. ब्रिटनमध्ये 'रॅग'नंतर थेट माणूस येतो आणि विषयाआधी 'अबाउट', अमेरिकेत माणसाआधी 'ऑन' लागतो.

इथे एक खड्डा आहे. 'रॅग ऑन' उलटं फिरवून 'ऑन द रॅग' केलं तर मासिक पाळीवरून केलेली असभ्य टिप्पणी होते. शब्दांची अदलाबदल करून पाहायची ही जागा नव्हे.

'लूज युअर रॅग' हा ब्रिटिश वाक्प्रचार म्हणजे संतापणं. तिकडे रॅग हरवला की राग येतो. योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपा.

उच्चार आणि लेखन कसं करायचं?

'रॅग' आणि 'रॅगिंग', अर्धचंद्रासह. हिंदीत 'रैगिंग' लिहितात, मराठीत ते चूक. चंद्र राहून गेला की 'रग' होतो आणि वाक्याचा भलताच अर्थ लागतो.

इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार आहेत. क्रियापदाचा भूतकाळ 'रॅग्ड', एका दमात. विशेषण 'रॅगिड', दोन तुकड्यांत, अर्थ फाटकातुटका. मुलाखतीत 'आय वॉज रॅगिड' म्हणून गेलात तर आपण लक्तरं नेसलो होतो, असं सांगितल्यासारखं होईल.

याला चांगला मराठी प्रतिशब्द कोणता?

ब्रिटिश अर्थासाठी 'खेचणं', 'फिरकी घेणं', 'शाळा घेणं', 'टर उडवणं'. 'टिंगलटवाळी' आणि 'खिल्ली' यांत तुच्छता डोकावते, त्या जपून वापराव्यात. 'कोपरखळी' हलकी आणि एकदाच मारायची. 'टोमणा' थट्टेचा नव्हेच, तो आतल्या रागाचा. भारतीय अर्थासाठी 'छळ' किंवा 'छळवणूक' पुरते, पण कॉलेजचा संदर्भ हवा असेल तर 'रॅगिंग'च ठेवावं. तो शब्द आता मराठी झाला आहे.

अर्थाने घर बदललेले शब्द आपल्याकडेही आहेत. 'चेष्टा' संस्कृतात हालचाल किंवा प्रयत्न, मराठीत थट्टा. 'मस्करी' अरबीतल्या मसखऱ्याकडून फारसीमार्गे आली. 'रॅगिंग'ला बोल लावण्याआधी हे आठवावं.

'पुलिंग समवन्स लेग' म्हणजे 'पाय ओढणं' का?

अजिबात नाही, आणि ही चूक अनुवादांत वारंवार दिसते. इंग्रजीत पाय खेचला की थापा मारून केलेली गंमत. मराठीत पाय ओढले की कोणी वर चढत असताना त्याला खाली पाडणं. 'ही वॉज पुलिंग माय लेग'चं भाषांतर 'तो माझी फिरकी घेत होता' असं करावं.

'रॅग'चे भाऊबंद कोणते?

'किड' चोरांच्या बोलीतून आला, आधी फसवणं, मग गंमत करणं. समोरच्याला पोर समजणं ही त्यामागची कल्पना असावी. 'जॉश' अमेरिकी, १८४५ च्या सुमाराचा. जॉश बिलिंग्ज या विनोदी लेखकाच्या नावावरून तो आला असं सांगतात, पण त्या टोपणनावाने लिखाण सुरू झालं ते बरंच नंतर, म्हणजे ही गोष्ट तारखांवरच पडते. 'रिब' बरगडीत बोट खुपसण्यावरून. 'रॅझ' हे 'रास्पबेरी'चं लघुरूप. जीभ बाहेर काढून जो असभ्य आवाज काढतात त्याचं ते नाव.

'टीझ' सर्वांत जुना, आणि त्याची व्युत्पत्ती मात्र खात्रीची. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोकर पिंजणं, तंतू ओढून सुटे करणं. पिंजाऱ्याची धनुकली डोळ्यासमोर आणली की चिडवण्याशी नातं कळतं.

'ईव्ह टीझिंग' हा शब्द का टाळावा?

'रॅगिंग'च्या नेमकं उलट घडलेलं हे उदाहरण. तिथे हलक्या शब्दाने भारी अर्थ उचलला. इथे भारी गुन्ह्याला हलका शब्द दिला गेला. रस्त्यात बाईचा पाठलाग करणं किंवा अंगाला हात लावणं याला 'टीझिंग' म्हटलं की ते खोडकरपणासारखं वाटतं. मराठीतली 'छेडछाड'ही त्याच पंगतीतली. बातमी किंवा तक्रार लिहिताना 'पाठलाग', 'विनयभंग', 'लैंगिक छळ', जे घडलं तेच लिहावं.

आमच्या ऑफिसात 'रॅग स्टेटस' मागतात. त्याचा याच्याशी काही संबंध?

नाही. ते रेड, अंबर, ग्रीन: प्रकल्प अडकलाय, डळमळतोय की ठीक चाललाय, हे दाखवणारे तीन रंग. कृत्रिम बुद्धिमत्तेतला 'रॅग' तिसराच, आधी माहिती शोधून मग उत्तर रचण्याची पद्धत. पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीत नव्याने रुजू झालेल्या मुलाला पहिल्याच दिवशी 'उद्या सकाळी तुझा रॅग घेऊ' असा मेसेज आला, तर त्याने आधी एक्सेल उघडावं.